हिशेब विलगीकरणात

मी सोसायटीचा खजिनदार कसा झालो, याची हकीकत एका वाक्याची आहे. ज्या सभेत खजिनदार निवडायचा होता, त्या सभेला मी गेलो नव्हतो. कोथरूडमधली आमची ४२ बिऱ्हाडांची सोसायटी. कुठल्याही विषयावर इथे ४३ मतं पडतात, पण गैरहजर माणसाच्या नावावर एकमत व्हायला दोन मिनिटं पुरतात.

तेव्हापासून सोसायटीचा हिशेब माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर, एक्सेलच्या एका फाइलीत असतो. फाइलीचं नाव 'मेंटेनन्स फायनल फायनल नवीन २'. ज्याने कधी हिशेब ठेवलाय, त्याला हे नाव समजावून सांगायला नको.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून आम्ही ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घेतो. तर त्या रविवारच्या तीन दिवस आधी, रात्री साडेदहाला, शेवटचा हात फिरवावा म्हणून कॉम्प्युटर उघडला, आणि फाइल जागेवर नव्हती. कोपऱ्यात एक लाल चौकट उगवली होती. तिच्यातल्या इंग्रजीचा मराठीत अर्थ असा: धोका आढळला, धोका दूर केला, आता तुम्ही सुरक्षित आहात.

मी सुरक्षित होतो खरा. पण ४२ बिऱ्हाडांचा वर्षाचा हिशेब गायब होता आणि तीन दिवसांनी मला त्याच ४२ बिऱ्हाडांसमोर उभं राहायचं होतं. ही सुरक्षितता घेऊन करायचं काय?

"लोक पैसे घेऊन पळतात," सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमचा नुसता हिशेबच पळाला!"

यात माझीही चूक होतीच. जुन्या अँटिव्हायरसची मुदत ऑगस्टात संपली, तेव्हा मी दुकानात जाऊन म्हणालो होतो, "जो सगळ्यात जास्त व्हायरस पकडतो, तो द्या." दुकानदाराने खोक्यावर टिचकी मारली. "काका, हा घ्या. एकदम कडक आहे." कडक म्हटलं की आपण खूश. चहा कडक, मास्तर कडक, वॉचमन कडक. आमच्या सोसायटीचा वॉचमनही कडकच आहे. गेल्या दिवाळीत त्याने हेल्मेट घातलेल्या मला वीस मिनिटं गेटवर उभं केलं होतं. त्याच वीस मिनिटांत टाय लावलेला, हातात फाइल घेतलेला एक अनोळखी माणूस त्याचा सलाम घेऊन आत गेला. त्यावरून शहाणं व्हायला हवं होतं, पण आम्ही त्याची पगारवाढ मंजूर केली.

माझी दुसरी चूक म्हणजे झाला प्रकार मी सेक्रेटरींना फोनवर सांगितला. सकाळी उठून पाहतो तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मथळा तयार: 'खजिनदारांच्या हिशेबात व्हायरस.' खाली सतरा अंगठे, दोन हात जोडलेले आणि ४०२ नंबरच्या गृहस्थांचा खुलासा. "दोन वर्षं मी सभेत घसा कोरडा करतोय की कुठेतरी पाणी मुरतंय. आता यंत्रानेही तेच सांगितलं." गच्चीची गळती त्यांच्याच हॉलमध्ये उतरते, भिंतीत खरोखरच पाणी मुरतं, त्यामुळे हा वाक्प्रचार ते जरा अधिकारानेच वापरतात.

शेवटी बंगळुरूला भाच्याला फोन लावला. फाइलीतलं 'मॅक्रो' नावाचं यंत्र त्यानेच तीन वर्षांपूर्वी बसवून दिलं होतं. एक बटण दाबलं की ते थकबाकीवर व्याज लावायचं, प्रत्येक सभासदाचं बिल तयार करायचं आणि पत्त्यांच्या यादीतून एकेक पत्ता उचलून ४२ जणांना ईमेलने रवाना करायचं. तोवर मी चहा घेऊन यायचो.

"मामा, फॉल्स पॉझिटिव्ह आहे," तो म्हणाला.

हा शब्द नुसता ऐकला तर निवडणुकीतलं भाषण वाटावं: खोटं आणि पॉझिटिव्ह. पण कोरोनाने आपल्याला तो शिकवलाय. रोग नसताना चाचणी 'आहे' म्हणते, तसं व्हायरस नसताना अँटिव्हायरस 'आहे' म्हणतो आणि धडधाकट फाइलीला उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. म्हणजे सरकारी मराठीत विलगीकरणात. माझा हिशेब तिथेच होता. मेला नव्हता, पण भेटायची परवानगी नव्हती.

"पण माझ्याच फाइलीवर संशय का?" मी विचारलं.

तेव्हा भाच्याने मला मेलिसाची गोष्ट सांगितली. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस जगभर पसरला. तोही मॅक्रोच होता. वर्डच्या फाइलीतून यायचा, आउटलुकमधले पहिले ५० पत्ते उचलायचा आणि त्या पन्नासांना स्वतःची प्रत ईमेलने पाठवून द्यायचा. त्यांच्याकडून पुढच्या पन्नासांना. ईमेलचे सर्व्हर त्या ओझ्याने आडवे झाले. "आता तुमची फाइल बघा," भाचा म्हणाला. "उघडते, पत्ते उचलते, कुणाला न विचारता ४२ जणांना मेल टाकते." म्हणजे माझ्यात आणि मेलिसात फरक होता तो आठ फ्लॅटचा. शिवाय मेलिसाची ईमेल लोक उत्सुकतेने उघडत. मेंटेनन्सचं बिल कोण उघडतो?

पूर्वी अँटिव्हायरस नुसते फोटो ठेवायचे. पोलीस चौकीतल्या फळ्यावर लावतात तसे, एकेका व्हायरसच्या अंगावरच्या खुणा. त्या जुळल्या तरच पकडायचं. पण नवे चोर इतके झाले आणि तेही रोज मिशी बदलून येऊ लागले, की फोटोंवर भागेना. मग चालचलन बघायला सुरुवात झाली. हा फाइल उघडून काय करतो? कुणाला मेल पाठवतो का? अंगावर घट्ट गुंडाळी आहे का? कंपनीची डिजिटल सही आहे का? आणि अजून किती जण याला ओळखतात? हा शेवटचा प्रश्न मला फार लागला. जगात लाखो लोक जी फाइल वापरतात ती सज्जन, आणि जी एकट्या माझ्याकडेच आहे ती संशयित! म्हणजे दोन माणसांनी मिळून केलेला कुठलाही लहानसा प्रोग्राम जन्मतःच जामिनावर.

याचा प्रत्यय लगेच आला. हिशेब जेरबंद केल्यावर त्या कडक गड्याचा हुरूप वाढला असावा. दुसऱ्या दिवशी त्याने माझा मराठी टंकनाचा प्रोग्राम उचलला. मी तो पंधरा वर्षं वापरतोय. 'के' दाबलं की तो मधल्यामध्ये ते अक्षर पकडतो, त्याचा 'क' करतो आणि पुढे पाठवतो. पासवर्ड चोरणारे की-लॉगर नावाचे प्रोग्रामही नेमकं हेच करतात, माणूस जी कळ दाबेल ती मधल्यामध्ये पकडतात. फक्त ते तिचा 'क' न करता चोराकडे पाठवतात. थोडक्यात, माझ्या घरी मराठीत लिहिणं हेच आता संशयास्पद वर्तन ठरलं होतं. सभेची आठवण देणारी सूचना मी शेवटी वहीच्या कागदावर हाताने लिहिली आणि जिन्याखालच्या फळ्यावर टाचली. चार जणांनी अक्षराचं कौतुक केलं. मजकूर कुणी वाचला नाही.

भाच्याशी बोलताना माझा राग निवळला, कारण त्याने यापेक्षा थोर किस्से सांगितले. मार्च २००६ मध्ये मॅकअफीच्या अँटिव्हायरसने एक्सेललाच व्हायरस ठरवलं होतं. एक्सेलची फाइल नव्हे, साक्षात एक्सेलला. ४०२ वाल्यांना हे कळलं असतं तर त्यांनी जगातल्या समस्त खजिनदारांच्या चौकशीची मागणी केली असती. त्याच कंपनीने २१ एप्रिल २०१० ला याहून मोठा हात मारला. विंडोज एक्सपीच्या अनेक सेवा ज्या एका फाइलीच्या खांद्यावर चालतात, त्या 'एसव्हीसीहोस्ट'लाच एका अपडेटने व्हायरस समजून पकडलं. कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होत, पुन्हा बंद पडत, आणि इंटरनेटही तुटलेलं, त्यामुळे दुरुस्ती पाठवायला वाट नाही. अमेरिकेत इस्पितळांची कामं अडली, ऑस्ट्रेलियात कोल्सची काही दुकानं बंद ठेवावी लागली. कॉम्प्युटर खात्यातली माणसं एकेका यंत्रापाशी जाऊन हाताने औषध पाजत होती. त्या दिवशी त्या यंत्रांचं जे नुकसान झालं, ते कुठल्याही व्हायरसने केलं नव्हतं. साप साप म्हणून भुई धोपटावी, तर इथे भुई स्वतःच्या घराची होती.

सप्टेंबर २०११ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने गूगलच्या क्रोमला बँकेचे पासवर्ड चोरणारा व्हायरस म्हणून काही हजार कॉम्प्युटरांतून हाकलून दिलं. चूक म्हणून कंपनीने लगेच दुरुस्ती दिली. चूकच असणार. पण आपल्याकडे सख्ख्या भावाच्या घराची वीज 'चुकून' तोडली गेली, तर गाव काय म्हणतं ते मला माहीत आहे.

माझा सर्वांत आवडता किस्सा मात्र सोफोस या ब्रिटिश कंपनीचा. १९ सप्टेंबर २०१२ ला त्यांच्या अँटिव्हायरसला एक नवा संशय शिकवण्यात आला: जो प्रोग्राम स्वतःला अपडेट करत असतो, तो वाईट. मग त्याने अपडेट करणारे प्रोग्राम धरायला सुरुवात केली, आणि त्यात स्वतःचाच अपडेट करणारा प्रोग्राम धरला. कंपनीने चूक सुधारून नवा अपडेट पाठवला. तो घेणार कोण? माफीनामा घेऊन येणारा पोस्टमनच आत बसलेला! आपलेच दात आपलेच ओठ, असं आपण नुसतं म्हणतो. या गृहस्थाने ओठ चावून वर तोंडच शिवून टाकलं होतं.

(जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. तो काही फॉल्स पॉझिटिव्ह नव्हता. पण फळ्यावर हाताने सूचना टाचताना मला त्या मंडळींची आठवण झाली, आणि आपण एका मोठ्या परंपरेत बसतो असं वाटलं.)

"मग मामा, अँटिव्हायरस बदला," भाचा म्हणाला. "विंडोजचा आहे ना आतमध्ये. फुकट."

फुकट मिळणाऱ्या वस्तूवर पुण्यात विश्वास ठेवत नाहीत. संशय हा आमचा पाण्यातलाच गुण आहे. दारावर 'कुत्र्यापासून सावध' लिहून ठेवतात, आणि आत कुत्रा नसतो. हाही एक प्रकारचा फॉल्स पॉझिटिव्हच, पण विचारपूर्वक केलेला. या गुणाचा व्यापार करता येईल, हे कैलास काटकर यांनी ओळखलं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटरकडे वळले आणि नव्वदच्या दशकात धाकट्या भावाला, संजय यांना, बरोबर घेऊन त्यांनी क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी केली. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. अख्ख्या देशाला विकता येईल इतका संशय एका शहरात शिल्लक होता, याचं बाहेरच्यांना नवल वाटत असेल. आम्हाला नाही. माझा अँटिव्हायरस कुठला ते विचारू नका. सोसायटीत आधीच पुरेसे गट आहेत.

बदलायचा तर कुठला घ्यायचा, याची चौकशी मी जिन्यात, गच्चीवर आणि भाजी घेताना केली. प्रत्येकाने आपापला अँटिव्हायरस किती व्हायरस पकडतो ते सांगितलं. एक निवृत्त बँक मॅनेजर अभिमानाने म्हणाले, "आमचा रोज दोन-तीन तरी पकडतो." रोज दोन-तीन चोर सापडणाऱ्या वाड्यात मी राहणार नाही. निरपराध किती पकडले, हे मात्र एकालाही सांगता येईना, कारण कुणी मोजलेच नव्हते. मला आमचा वॉचमन आठवला.

पण मोजणारे आहेत. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज नावाची संस्था आहे. ती अँटिव्हायरसना खऱ्या व्हायरसांपुढे उभं करते, तशीच स्वच्छ फाइलींच्या ढिगापुढेही उभं करते, आणि कुणी किती निष्पापांवर हात टाकला त्याचा तक्ता छापते. व्हायरस बुलेटिन या इंग्रजी मासिकाने १९९८ पासून व्हीबी १०० नावाची पदवी द्यायला सुरुवात केली. तिची अट अशी होती की बाजारात हिंडणारे ठराविक सगळे व्हायरस पकडा, आणि एकाही सज्जनाला हात लावू नका. एक जरी निरपराध धरला तरी नापास. ही अट आमच्याकडच्या काही खात्यांना लावून बघायला हवी.

भाच्याने गणित घातलं. "समजा तुमच्या कॉम्प्युटरवर तीन लाख फाइली आहेत." मी म्हणालो, "छे, माझ्या तीस-चाळीस असतील." तर म्हणे विंडोजच्याच लाखोंनी असतात. "आणि समजा अँटिव्हायरस इतका हुशार, की दहा हजार चांगल्या फाइलींमागे फक्त एक चुकवतो." दहा हजारांत एक! इतका अचूक खजिनदार मिळाला तर सोसायटी गेटवर त्याचा पुतळा बसवेल. "तीन लाखांत किती चुका? तीस. आणि खरा व्हायरस समजा एकच. म्हणजे तुम्हाला ३१ लाल चौकटी येणार आणि त्यातल्या तीस खोट्या." मी कागदावर मांडून पाहिलं, बरोबर निघालं. जिथे चोर मुळातच थोडे, तिथे हुशारातला हुशार पहारेकरीही बहुतेक वेळा सज्जनालाच धरणार. नुसता कडकपणा वाढवला तर एकतिसाचे तीनशे एक होतील, आणि चोर तेवढाच, एक.

शुक्रवारी रात्री हिशेब सोडवायचं ठरलं. त्याआधी भाचा म्हणाला, फाइलीची एक प्रत तेवढी बाहेर काढून दुसऱ्यांचंही मत घेऊ. त्यासाठी व्हायरसटोटल नावाची सोय आहे. स्पेनमधल्या मलागा शहरात २००४ मध्ये निघाली, २०१२ मध्ये गूगलने घेतली. आपली फाइल तिथे द्यायची, मग साठ-सत्तर अँटिव्हायरस एकाच वेळी तिची नाडी बघतात. मी फाइल चढवणार इतक्यात तो फोनवर ओरडला, "मामा, थांबा! आत थकबाकीदारांची नावं आहेत ना?" तिथे दिलेली फाइल पैसे भरणारी इतर गिऱ्हाइकंही उतरवून घेऊ शकतात. ४०२ वाल्यांची थकबाकी मलागापर्यंत पोचण्यापासून थोडक्यात वाचली. नावं आणि आकडे पुसून नुसता सांगाडा पाठवला. निकाल आला: बाकी सगळे गप्प, चौघांना संशय. चौघांनी चार नावं दिली. कुणी 'जेनेरिक', कुणी 'सस्पिशस', आणि कुणी 'ह्यूर', म्हणजे अंदाज. पंचनाम्यात 'एक अनोळखी इसम, मध्यम बांधा' लिहितात, तसलीच ही नावं. "खरा ओळखला असता तर नाव घेतलं असतं," भाचा म्हणाला.

मग मी अँटिव्हायरसच्या विलगीकरणाच्या खिडकीत गेलो, हिशेबावर बोट ठेवलं आणि 'पूर्ववत करा' दाबलं. फाइल जशी गेली होती तशी परत आली, व्याजासकट. फाइलीला अपवादाच्या यादीत टाकायला भाच्याने सांगितलं, म्हणजे पुन्हा धरणार नाही. "फक्त ही एकच फाइल हं मामा," त्याने बजावलं. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर टंकनाचा प्रोग्राम टाकला, मग हिशेबाचा फोल्डर टाकला, मग ईमेलमधून उतरलेल्या फाइली जिथे पडतात तो फोल्डर टाकला, आणि हात लागलाच आहे तर अख्खी डी ड्राइव्ह टाकून मोकळा झालो. रोजची कटकट नको.

रविवारी सभा झाली. हिशेब वाचायला मी उभा राहिलो आणि ४०२ वाले उठले. "यंत्राने जो हिशेब संशयास्पद ठरवला, तो आपण मंजूर करायचा का?" मी त्यांना मेलिसाची गोष्ट सांगितली, सोफोसची सांगितली, तीन लाखांचं गणित फळ्यावर मांडलं. चार दिवसांत माझं या विषयातलं ज्ञान भीतिदायक वाढलं होतं. शेवटी लोक कंटाळले आणि हिशेब मंजूर झाला. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी कोटेशनं मागवावीत, असा ठरावही झाला. तो ४०२ वाल्यांनीच मांडला होता.

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच माझ्या घरी आले. कुठल्याशा कंत्राटदाराचं कोटेशन ईमेलवर आलंय म्हणाले, बघू या. सोबत बसून त्यांनी चहा घेतला. मी फाइल उतरवून घेतली, आणि अपवादाच्या यादीचा बंदोबस्त करूनही कोपऱ्यात लाल चौकट उगवलीच. या खेपेला नाव 'जेनेरिक' वगैरे नव्हतं, चांगलं लांबलचक काहीतरी होतं.

"हे काय आता?" मी म्हणालो.

"अहो, फॉल्स पॉझिटिव्ह," ४०२ वाले म्हणाले. "तुम्हीच तर सांगितलंत सभेत. एकतिसातले तीस. द्या सोडून, माझी भिंत फुगत चाललीय."

मी 'परवानगी द्या' दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला, मग परत आला. कोटेशन काही उघडलं नाही. दोनदा टिचक्या मारल्या, तरी नाही. भाच्याला फोन लावला.

"मामा, फाइलीचं पूर्ण नाव वाचून दाखवा. चौकटीत दिलंय ते."

"कोटेशन," मी वाचू लागलो. "डॉट पीडीएफ."

"त्याच्यापुढे?"

मी चष्मा पुसला. "डॉट ईएक्सई."

पलीकडून काही क्षण नुसता पंख्याचा आवाज आला.

"मामा, काही करू नका. आधी इंटरनेटची वायर उपटा."

मी टेबलाखाली वाकलो. ४०२ वाले अजून पडद्याकडेच बघत होते. "पण आकडा किती लिहिलाय?" त्यांनी विचारलं.